मोरी नसलेलं घर

टाकीतला मासा मेला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "घरावर येणारं संकट होतं, त्याने अंगावर घेतलं." अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा महागडा मासा असेल, तर दुकानदार हे वाक्य विकतानाच सांगून ठेवतो. ऐकायला बरं वाटतं. मेलेल्याला हौतात्म्य मिळतं, आपली सुटका होते आणि आठवड्याभरात त्याच पाण्यात दुसरा मासा येतो. महिन्याभरात तोही संकट अंगावर घेतो.

हे संकट नेमकं येतं कुठून, याचा शोध दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि बरीचशी उत्तरं हाती आली आहेत. ती कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मासेगल्लीत मिळणाऱ्या सल्ल्यांपर्यंत मात्र नीट पोहोचलेली नाहीत. तिथे अजूनही औषधांच्या निळ्या आणि पिवळ्या बाटल्यांचं राज्य आहे. आजारी मासा, खराब पाणी आणि औषध या तिघांचं एकमेकांशी काय नातं आहे, याचा हा आढावा.

काचेतलं बिऱ्हाड

नदीत मासा जिथे खातो तिथेच घाण करतो, पण ती घाण वाहून जाते. काचेच्या टाकीत स्वयंपाकघर आहे, बिछाना आहे, संडास आहे. फक्त मोरी नाही. आत गेलेला प्रत्येक दाणा कुठल्या ना कुठल्या रूपात आतच राहतो.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८४९ साली काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली. पानं कुजू लागली तेव्हा ती खायला गोगलगायी सोडल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, गोगलगाय कचरा साफ करते, असा समतोल त्याने १८५० मध्ये मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं, आणि तिथल्या काचेला नाक लावून आलेल्या किती मुलांनी घरी 'टँक'चा हट्ट धरला असेल, त्याची मोजदाद नाही.

वॉरिंग्टनचा समतोल सुंदर होता, पण त्यातलं मुख्य पात्र त्याला दिसलं नव्हतं. माशाच्या शरीरात प्रथिनं जळली की अमोनिया तयार होतो आणि त्यातला बहुतेक थेट कल्ल्यांवाटे पाण्यात सुटतो. काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की याने मातीतल्या अशा जीवाणूंचा छडा लावला. त्यानंतर शंभर वर्षं मासेपालनाच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हीच जोडी छापली गेली. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट खाणारा खरा गडी नायट्रोस्पिरा निघाला. २००५ मध्ये सिअॅटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून अमोनिया खाणारा आर्किया गटातला जीव वेगळा करण्यात आला. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा अख्खा रस्ता एकटाच चालणारा नायट्रोस्पिरा सापडला.

घरात टाकी ठेवणाऱ्याला ही नावं पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवावं, की हे जीव पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर पातळ बुळबुळीत थर करून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची वसती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला 'टँक सायकल होणं' म्हणतात. आपल्याकडची रीत मात्र अशी, की रविवारी सकाळी टाकी, खडे, पंप आणि दहा मासे एकाच रिक्षातून घरी येतात. मोरी नसलेल्या घरात सफाई कामगार यायच्या आधीच लग्नाचं वऱ्हाड उतरतं.

घाणीचा हिशेब

'दोन फुटी' म्हणून मिळणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर. माशांच्या सुक्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला, तरी ५० लिटर पाण्यात लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमची भर पडते, तीही एका दिवसात. पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकाने मूठभर दाणे टाकले की काय होत असेल, ते याच हिशेबाने काढावं.

अमोनियाची एक लबाडी मात्र ध्यानात ठेवायला हवी. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक आयन रूप, ते बरंचसं निरुपद्रवी. दुसरं मुक्त रूप, ते जहाल. कुठलं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या पुढे. पाणी तापलं की हा वाटा आणखी वाढतो. म्हणून पाणी तपासायच्या किटवर अमोनियाचा आकडा सारखाच दिसला, तरी एका घरातले मासे हुंदडत असतात आणि दुसऱ्या घरातले पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत असतात.

पाण्यातच अमोनिया वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडेनासा होतो. बाहेरची मोरी तुंबली की घरातली तुंबते, तसंच. कल्ले लाल होतात, सुजतात, वरचा बुळबुळीत थर वाढतो आणि श्वास घेणं अवघड होतं.

नायट्राइटचा मार्ग वेगळा. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनचं असं रूपांतर करतो, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, पंप चालू असतो, तरी मासा गुदमरतो. तिसरा नायट्रेट. तो सौम्य आहे, पण साचत जातो. टाकीत दर आठवड्याला लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होत असेल आणि आपण दर रविवारी पाव टाकी पाणी बदलत असू, तर काही आठवड्यांनी ते बदलण्याआधीच्या ८० या आकड्यावर स्थिरावतं. निम्मं पाणी बदललं तर ४० वर. पाणी बदलण्याचं प्रमाण ठरवायला याहून सोपं गणित नाही.

प्राणवायूचा हिशेबही असाच रोकडा आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६. त्याच वेळी उष्णतेने माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी याहूनही तापतं. भारनियमनात एअर पंप बंद पडला तर आधी मासे धापा टाकतात. काही तास उलटले की बंद फिल्टरच्या डब्यातले प्राणवायूवर जगणारे जीवाणू मरू लागतात. वीज आली आणि फिल्टर चालू झाला, की तो कुजका माल टाकीत येतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप बाजारातल्या बहुतेक औषधांपेक्षा जास्त मासे वाचवतो.

नळाचं, बोअरचं, आरओचं

पुस्तकी सल्ला अनेकदा इथेच फसतो, कारण प्रत्येक गावाचं पाणी वेगळं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी मिळतं. पावसाचं, धरणात साठलेलं पाणी ते. त्यात क्षार कमी. माशांना ते मानवतं, पण पीएच धरून ठेवायची त्याची ताकद मर्यादित असते. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहायला हवा. आपल्याला तो जंतूंपासून वाचवतो. माशाच्या कल्ल्याला आणि फिल्टरमधल्या वसतीला मात्र तोच भाजतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पालिका क्लोरीनचं प्रमाण वाढवते, आणि मग 'नेहमीसारखंच तर पाणी बदललं' असं म्हणत माणूस डोक्याला हात लावतो. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी किंवा सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळणारे खडे, एवढा उपाय पुरतो. ज्या गावात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात तिथे नुसतं उघडं ठेवून भागत नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून ते चांगलं, हाही गैरसमजच. ते बहुधा जड असतं. जमिनीखालून ताजं आलेलं असताना त्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू जास्त असतो, म्हणून वापरण्याआधी ते काही तास पंपाने घुसळून घ्यावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेटच पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर असतं. अशा घरात पाणी बदलून नायट्रेट उतरत नाही, कारण ते नव्या पाण्यासोबतच आत येतं. म्हणून किटने आधी नळाचं किंवा बोअरचं पाणी तपासावं, टाकीचं नंतर.

तिसरं पाणी आरओचं. 'आम्ही माशांना बिसलरीसारखं पाणी देतो,' असं अभिमानाने सांगणारी माणसं भेटतात. आरओच्या शुद्ध पाण्यात क्षार जवळपास नसतात. माशाच्या शरीरात असतात. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत राहतं, ते बाहेर फेकण्यात आणि गेलेले क्षार परत ओढण्यात माशाची शक्ती जाते. शिवाय अशा पाण्याचा पीएच कधी कोसळेल याचा नेम नसतो. आरओचं पाणी साध्या पाण्यात मिसळून वापरावं, नुसतं कधीच नाही.

सगळं पाणी बदललं आणि...

माझी स्वतःची चूक इथे सांगतो. दोन फुटी टाकी, वर्षभर छान चाललेली. कामाच्या गडबडीत तीन महिने फक्त कमी झालेलं पाणी वरून भरत राहिलो. मासे ठणठणीत होते. मग एका सुट्टीच्या दिवशी पश्चात्ताप होऊन निम्मं पाणी काढलं, ताजं भरलं, स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून काढला. संध्याकाळपर्यंत दोन मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते. सकाळी ते तळाशी होते. घरातलं मत असं, की जुनं पाणीच बरं होतं, उगाच हात लावला.

घरातलं मत अर्धं बरोबर होतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पीएच धरून ठेवायची ताकद, खर्ची पडते. पाणी बदललं नाही तर ही क्षारता हळूहळू संपते आणि पीएच ६ किंवा त्याखाली जातो. तिथे सफाई करणारे जीवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साचू लागतो. पण एवढ्या आम्ल पाण्यात तो जवळपास सगळा निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तगतात. बाहेरून सगळं आलबेल. मग आपण ताजं पाणी ओततो. पीएच ६ वरून साडेसातवर गेला, तर मुक्त अमोनियाचा वाटा सुमारे ३० पट वाढतो. निम्मं पाणी काढल्यामुळे एकूण अमोनिया अर्धा झाला हे खरं, तरी विष १५ पट झालंच. त्यात स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला, म्हणजे उरलेसुरले कामगारही गेले.

यावरून एक सनातन वाद मिटतो. पाणी थोडं थोडं बदलावं की एकदम? नियमित निगा असलेल्या टाकीत निम्मं पाणी बदललं तरी काही बिघडत नाही, कारण जुनं आणि नवं पाणी जवळपास सारखंच असतं. विसरलेल्या टाकीत मात्र आधी पीएच मोजावा आणि तो फार खाली असेल तर दररोज दहावा हिस्सा बदलत वर यावं. स्पंज कधीही नळाखाली धरू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोनदा पिळावा. आणि मासे तांब्यात काढून, खडे साबणाने धुऊन, टाकी उन्हात वाळवून 'नवी' करण्याची जी महिन्याची चाल अनेक घरांत आहे, ती टाकीला दर महिन्याला पहिल्या दिवसावर नेऊन ठेवते.

माशाचं दुखणं ओळखताना

पाण्यामुळे होणारा त्रास आणि जंतूंमुळे होणारा आजार यांत फरक करायची एक ढोबळ खूण आहे. सगळे मासे एकाच वेळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर संशय पाण्यावर घ्यावा: प्राणवायू, अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन. एकच मासा कोपऱ्यात पर मिटून बसला असेल आणि बाकीचे मजेत असतील, तर आजाराचा विचार करावा. तरीही पाणी तपासणं चुकत नाही. वाईट पाण्याच्या ताणाने माशाची प्रतिकारशक्ती खालावते, आणि एरवी निमूट असलेले जंतू डोकं वर काढतात.

सगळ्यांत ओळखीचा आजार म्हणजे 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इच'. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात आणि मासा खड्यांना अंग घासतो. थंडीत किंवा पावसाच्या झडीत रात्री पाणी गार पडलं की तो हटकून येतो. याचा कर्ता इक्थिऑफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीच्या आत सुरक्षित असतो. पिकला की गळून तळाशी जातो, कवच करतो आणि आत शेकड्यांनी पिल्लं तयार होतात. ती पोहत बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेल्याबरोबर औषध थांबवणारा माणूस दहा दिवसांनी पुन्हा दुकानात दिसतो. फक्त ठिपकेवाला मासा वेगळा काढणंही व्यर्थ, कारण पुढची फौज टाकीच्या तळाशीच आहे. पाण्याचं तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं तर हे चक्र झटपट फिरतं आणि उपचार लवकर संपतो. पण तेव्हा हवा वाढवावी लागते.

हाच तापमानाचा उपाय दुसऱ्या एका आजारात घात करतो. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की सगळे त्याला बुरशी म्हणतात. बुरशीसारखा सॅप्रोलेग्निया बहुधा जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर येतो. तोंडावरचा पुंजका अनेकदा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे या जीवाणूचा असतो, आणि तो उष्ण पाण्यात फोफावतो. कडा झिजत जाणारे पर, म्हणजे 'फिन रॉट', हे जवळपास नेहमीच घाणेरड्या पाण्याचं किंवा मारामारीचं फळ. सुरुवातीला ते नुसत्या स्वच्छ पाण्याने भरून येतं. पोट फुगून खवले सीताफळासारखे उभे राहिले, तर तो एक आजार नसून मूत्रपिंडं हात टेकल्याची खूण असते. तिथून परतणारे मासे थोडे. गोल्डफिशवर दोऱ्यासारखा लटकणारा लर्निया किंवा चपटी मासळी-ऊ डोळ्यांनी दिसते. गोल अंगाचा गोल्डफिश उलटा तरंगत असेल, तर त्याचं शरीरच माणसाने हौसेने आखूड करून ठेवलंय, हेही कारण असू शकतं.

एक इशारा माणसांसाठी. पोट खपाटीला गेलेल्या, झिजत चाललेल्या माशांत कधी कधी मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद असतो. १९२६ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत प्रथम ओळखला गेला. कापलेल्या हाताने टाकीत काम केलं तर बोटावर महिनोन् महिने न भरणारी गाठ होऊ शकते. हातमोजे घालावेत, आणि तोंडाने पाणी ओढून सायफन सुरू करण्याची आपली जुनी सवय सोडावी.

बाटल्यांचा बाजार

मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल: दुकानात सगळं मिळतं आणि बहुतेक वेळा निदानाशिवाय. प्रत्येकाची जागा आहे, आणि प्रत्येकाचा घात करण्याचा मार्गही. मिथिलीन ब्लू अंड्यांवरच्या बुरशीसाठी चांगलं, पण मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरची वसती मरते, म्हणजे औषध संपेपर्यंत अमोनिया वाढलेला. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन व्हाइट स्पॉटवर गुणकारी. मात्र फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि दोन्ही माणसालाही घातक आहेत. खवले नसलेल्या लोच, कॅटफिशसारख्या माशांना ती पूर्ण मात्रेत सोसवत नाहीत. तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी आणि कोळंबी आधी मरतात. मात्रा काढताना टाकीचं माप धरायचं नसतं, पाण्याचं धरायचं असतं. ५७ लिटर समजून ४५ लिटरमध्ये औषध टाकणं हा पाव पटीहून जास्त डोस झाला.

प्रतिजैविकांची गोष्ट सगळ्यांत उद्वेगजनक. सरकारी अधिकारी पैसा कधी खातो ते कळत नाही, हे सांगताना कौटिल्याने पाण्यातल्या माशाचा दाखला दिला: तो पाणी कधी पितो, कोण पाहणार? गोड्या पाण्यातल्या माशाच्या बाबतीत उत्तर असं, की तो जवळपास पीतच नाही. त्याला तहान लागायचं कारणच नाही. पाणी आपणहून कातडीतून, कल्ल्यांतून आत शिरतं आणि तो ते सतत बाहेर टाकत असतो. म्हणजे पाण्यात फोडलेली कॅप्सूल त्याच्या पोटात जात नाही. टेट्रासायक्लिन तर बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं. ते कल्ल्यांतून आत शिरत नाही आणि जंतूंना मात्र औषध पचवायला शिकवतं. खरोखरच गरज असेल तेव्हा औषध खाद्यातून द्यावं लागतं, आणि ते जाणकाराने ठरवावं.

याउलट साधं मीठ बदनाम झालंय ते त्याच्या स्वस्ताईमुळे. लिटरमागे एक ते तीन ग्रॅम मीठ पाण्यात असलं की माशाच्या अंगात पाणी शिरण्याचा जोर कमी होतो आणि आजारी शरीराचं काम हलकं होतं. नायट्राइटच्या विषबाधेत तर मीठ हा पहिला उपाय, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. ४५ लिटरला दोन ग्रॅमच्या हिशेबाने ९० ग्रॅम मीठ, आधी विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत. आयोडीनयुक्त मीठ चालत नाही, ही समजूत निराधार आहे. त्यातलं आयोडीन नगण्य असतं. मात्र मीठ उडून जात नाही, ते पाणी बदलूनच कमी होतं, आणि पाणवनस्पतींना ते मानवत नाही. आणखी एक सापळा: फिल्टरमध्ये अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडे असतील तर मीठ टाकण्याआधी ते काढावेत, नाहीतर मिठाच्या पाण्यात ते शोषलेला अमोनिया परत सोडून देतात.

औषधांना पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या इतर गोष्टींबद्दल थोडक्यात. सक्रिय कोळसा उपचारानंतर उरलेलं औषध काढायला उत्तम, अमोनियासाठी निरुपयोगी. बाटलीतले जीवाणू कधी लागू पडतात, कधी नाही. जुन्या निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज त्याहून खात्रीचा. यूव्ही दिवा पाण्यातून जाणारे जंतू मारतो, माशाच्या अंगावरचे नाही.

कुणाला विचारावं, काय करावं

माशांचे डॉक्टर आपल्याकडे विरळ आहेत, पण माशांच्या आजारांचं शास्त्र जाणणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत. तिथल्या पदवीधरांचा सल्ला दुकानातल्या सल्ल्यापेक्षा नक्कीच भरवशाचा.

मासा आजारी दिसला त्या दिवशी क्रम असा असावा. खाद्य बंद, धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. हवा वाढवावी. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि तापमान मोजावं, आणि ते वहीत लिहावं. पाणी वाईट असेल तर तेच तापमान आणि क्लोरीनमुक्त असलेलं पाणी वापरून पाव ते अर्धा हिस्सा बदलावा. पीएच फार खाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे सावकाश. दोन दिवस पाहावं. त्यानंतरही लक्षणं असतील तर निदान करून एक औषध, पूर्ण मुदतीचं. दोन औषधं एकत्र कधीच नाहीत. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या, खडे नसलेल्या, स्पंज फिल्टरच्या छोट्या टाकीत ठेवावा. हीच टाकी पुढे दवाखाना होते.

वाचत नसलेल्या माशाला लवंग तेलाच्या जास्त मात्रेने वेदनेविना निरोप देता येतो. त्याला किंवा नकोशा झालेल्या जिवंत माशाला नदीत किंवा तलावात सोडणं हा मात्र दयेचा भास आहे. दुकानात काच साफ करायला म्हणून मिळणारा सकर मासा असाच बाहेर गेला आणि आज उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

आणि मुळात टाकीची निवड. रोम शहराने २००५ मध्ये माशांना गोल भांड्यात ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे वाढदिवसाच्या भेटीत तेच गोल भांडं, दोन गोल्डफिश आणि रंगीत खडे दिले जातात. तो दोन इंची मासा नीट ठेवला तर वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. वीतभर भांड्यात तो महिनाभर जगतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, की संकट माशाने अंगावर घेतलं, तर वाद घालू नये. फक्त एका परीक्षानळीत टाकीचं पाच मिलिलिटर पाणी घ्यावं, किटचे थेंब टाकावेत आणि पाच मिनिटं थांबावं. पाणी हिरवं झालं तर संकटाचा पत्ता सापडला. नवा मासा त्यानंतरच आणावा, आणि तोही एकच.